कॅटमधून पत्ता काढण्याची संभाव्यता: या चुका टाळा

दहावीच्या बीजगणितातील पत्त्यांची उदाहरणे सोपी समजली जातात. तरीही नाशिकमधील विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना वारंवार जाणवते की, उत्तर चुकते ते अपूर्णांकांच्या आकडेमोडीत नव्हे, तर पत्ते मोजण्यात. अनुकूल निष्पत्तींच्या (म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या निकालांच्या) संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागावे, हे सूत्र सर्वांना पाठ असते. मात्र ते लागू पडण्यासाठी सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, असाव्या लागतात, आणि "एक्का येईल किंवा येणार नाही, म्हणून संभाव्यता निम्मी" असे लिहिणारा विद्यार्थी नेमकी हीच अट विसरतो. 52 पत्त्यांत एक्के 4 असतात, म्हणून उत्तर 4/52, म्हणजेच 1/13 येते.

चित्रयुक्त पत्ते म्हणजे गुलाम, राणी आणि राजा. ते 12 असतात, त्यांत एक्का धरू नये. घरातील पत्ते घेऊन पडताळा पाहणार असाल, तर जोकर बाजूला काढावेत आणि रमीसाठी दोन कॅट एकत्र केलेले नाहीत ना, हेही पाहावे.

सर्वाधिक गुण जातात ते "राजा किंवा बदाम" अशा प्रश्नांत. येथे 4 आणि 13 मिळवून 17 लिहिले जातात. बदामाचे 13 पत्ते टेबलावर ओळीने मांडा आणि आता राजे शोधा: हाती इस्पिक, किलवर आणि चौकट यांचे तीनच राजे लागतील, कारण चौथा आधीच त्या ओळीत बसलेला आहे. म्हणून अनुकूल पत्ते 16 आणि उत्तर 4/13.

दोन पत्ते एकामागून एक काढताना पहिला परत ठेवला की नाही, हे प्रश्नात नीट वाचावे. परत ठेवून पुन्हा पिसल्यास दोन्ही एक्के येण्याची संभाव्यता 1/169 असते. न ठेवल्यास 4/52 गुणिले 3/51, म्हणजे 1/221.

याच्या पुढची चूक हुशार मुलेही करतात, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पहिला पत्ता न पाहताच उपडा ठेवला आणि दुसरा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता विचारली, तर ती 4/51 होत नाही, कारण बाजूला गेलेला पत्ताही एक्का असू शकतो. दोन्ही शक्यता धरून मांडणी करावी: पहिला एक्का असल्यास 1/13 गुणिले 3/51, नसल्यास 12/13 गुणिले 4/51, यांची बेरीज 51/663, म्हणजे पुन्हा 1/13.