साठीच्या पुढच्यांसाठी कोणती कोविड लस भारी? आकडे असे वाचा

कोविशील्ड भारी की कोवॅक्सिन, फायझर मिळाली असती तर बरं झालं असतं का, हा वाद फॅमिली ग्रुपवर अजूनही अधूनमधून उकरला जातो आणि जो तो एकेक टक्केवारी तोंडावर फेकतो. आईबाबांसाठी किंवा आजी-आजोबांसाठी बघताय ना, मग हेडलाईनमधली टक्केवारी आधी बाजूला ठेवा, ती सगळ्या वयांची मिळून असते. लसीच्या ट्रायलच्या, म्हणजे माणसांवरच्या चाचणीच्या, रिपोर्टमध्ये खाली वयानुसार तक्ता असतो, त्यातली ६० किंवा ६५ च्या पुढची ओळ शोधा.

मॉडर्नाचंच घ्या. कोविडपासून संरक्षण एकूण ९४.१ टक्के, पण ६५ च्या पुढे ८६.४. हा आकडा येतो कुठून? त्या वयाच्या साधारण साडेतीन हजार लोकांना लस दिली आणि जवळपास तेवढ्याच लोकांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. पाणीवाल्यांत २९ जणांना कोविड झाला, लसवाल्यांत ४ जणांना. २९ च्या जागी ४, म्हणजे २५ वाचले, झाले ८६ टक्के. फायझरचं ६५ च्या पुढे १९ विरुद्ध १, म्हणून ९४.७. आता फायझरवाल्यांत अजून फक्त दोघं आजारी पडले असते तर? आकडा धाडकन ८४ वर! त्यामुळे ९४ आणि ८६ वरून कुणी छातीठोकपणे निकाल देत असेल तर हसून सोडून द्या.

म्हणूनच आकड्याशेजारची रेंज बघायची, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, ती लोक हमखास गाळतात. कोवॅक्सिन एकूण ७७.८, साठीच्या पुढे ६७.८, पण त्या ६७.८ ची रेंज आहे ८ ते ९०. एवढी लांबलचक रेंज दिसली की समजायचं, वयस्कर लोक ट्रायलमध्ये कमी होते, यावरून लस चांगली की वाईट काहीच ठरत नाही. शिवाय काळ बघा, फायझर-मॉडर्नाचे हे आकडे २०२० मधले, डेल्टा पसरायच्या आधीचे, आणि कोवॅक्सिनची ट्रायल आपल्या दुसऱ्या लाटेत चालू होती, मग दोन्ही एका ओळीत कसे लावणार?

कमी डेटाने काय गोंधळ होतो ते जर्मनीत दिसलं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या लसीकरण समितीने सांगितलं की ॲस्ट्राझेनेकाची लस (आपली कोविशील्ड तीच) ६५ च्या पुढे देऊ नका, कारण ट्रायलमध्ये म्हातारी माणसं फार नव्हती. मार्चच्या सुरुवातीला ही अट काढली, आणि मार्च संपता संपता तरुणांमधल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे उलटंच सांगितलं, साठीच्या पुढच्यांनाच द्या. लस तीच, दोन महिन्यांत सल्ला पार उलटा.

खरी तुलना हवी तर एकाच शहरात, एकाच लाटेत दोन लसी चालल्यात असं ठिकाण शोधा. हाँगकाँग, २०२२ ची ओमिक्रॉन लाट. तिथे फायझर-बायोएनटेक आणि चीनची सायनोव्हॅक दोन्ही होत्या. साठीच्या पुढे, गंभीर आजार किंवा मृत्यूपासून संरक्षण, दोन डोसनंतर फायझर साधारण ८९ टक्के, सायनोव्हॅक ७०. ऐकायला दोन्ही ठीकच वाटतात, पण उरलेला भाग बघा ना, ११ आणि ३०, म्हणजे धोका जवळपास तिप्पट. तिसऱ्या डोसनंतर मात्र दोन्ही ९८ च्या आसपास! माझ्या मते वयस्कर माणसासाठी ब्रँडपेक्षा डोस किती झाले आणि शेवटचा कधी झाला हे जास्त महत्त्वाचं आहे.

आणि हो, टक्केवारी कशापासूनची आहे ते वाचल्याशिवाय पुढे फॉरवर्ड करू नका. साधा ताप-खोकला होऊ नये यासाठीचं संरक्षण काही महिन्यांत उतरतं, ॲडमिट व्हायची वेळ येऊ नये यासाठीचं जास्त टिकतं, आणि सत्तरीच्या माणसासाठी बघायचा आकडा हा दुसरा.

डॉक्टरांकडे जाताना लसीचं सर्टिफिकेट सोबत ठेवा, कोविड कधी होऊन गेला तो महिना आठवून ठेवा, आणि शुगर, बीपी, किडनीचं काही किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पुढचा डोस घ्यायचा का हे त्यावरच ठरतं.