पन्नासची प्राइम घेतलीय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात फोटोग्राफीचा नाद लागलेल्या पोरांच्या बॅगेत किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम) पहिली येते ती ५० एमएम १.८ प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स (१.८ हे अ‍ॅपर्चर, प्रकाश आत सोडणारं भोक; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), आणि ते बरोबरच आहे, कारण किट लेन्स झूम केली की ५.६ वर अडकते, तिथं ही जवळपास दहापट प्रकाश आत घेते. पण लेन्स बसवली की अ‍ॅपर्चर १.८ वर न्यायचं आणि परत त्याला हातच लावायचा नाही, ही सगळ्यात मोठी चूक. लेन्स शार्प नाही म्हणणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी इथंच असतात.

क्रॉप म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दीड मीटरवरनं १.८ ला पोर्ट्रेट काढलं तर फोकसमध्ये जेमतेम सहा सेंटिमीटर जागा मिळते. चेहरा जरा तिरका झाला की लांबचा डोळा गेलाच. २.८ करून बघा, तीच जागा नऊ-दहा सेंटिमीटर होते, लेन्सपण जास्त शार्प होते आणि मागचा रंकाळा तरीही मस्त ब्लर राहतो. ग्रुप असेल तर सरळ ५.६. फोकस पॉइंट स्वतः डोळ्यावर ठेवा, ऑटोवर सोडलं की बऱ्याचदा कॅमेरा जे जवळ असेल तेच धरतो, मग फेटा शार्प आणि माणूस मऊ. मधल्या पॉइंटवर फोकस लॉक करून फ्रेम फिरवायची सवय असेल तर तीपण १.८ ला नडते, कारण फिरवताना डोळा त्या अरुंद पट्ट्यातनं बाहेर सरकतो.

या लेन्सची खरी गरज तालमीत. तिथं उजेड कमी, म्हणून लोक शटर १/६० सेकंदावर आणतात आणि पैलवान हललेला येतो. स्टॅबिलायझेशन फक्त आपल्या हाताची थरथर सांभाळतं, पैलवानाची हालचाल नाही. अ‍ॅपर्चर २, शटर १/५००, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ३२०० गेला तर जाऊ दे, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे नंतर कमी करता येतो, हललेला फोटो नीट होत नाही! एक फोटो उजळ, पुढचा काळपट-पिवळा येत असेल तर दोष लेन्सचा नाही भावांनो, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, आणि मिररलेसवर (आत आरसा नसलेला कॅमेरा) सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद, नाहीतर आडवे पट्टे येतात.

भर दुपारी जोतिबाच्या डोंगरावर उलटं होतं. कडक उन्हात आयएसओ १०० आणि १.८ ला जवळपास १/८००० शटर लागतं, बरेच कॅमेरे १/४००० लाच थांबतात, फोटो पांढराफटक. अ‍ॅपर्चर लहान करा, म्हणजे आकडा वाढवा, नाहीतर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा. आणि चैत्र यात्रेत गुलाल उडत असताना लेन्स अजिबात बदलू नका, सेन्सरवर बसलेला गुलाल फार त्रास देतो.

काच जपायला लेन्सपुढं लावलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर पंचगंगेच्या घाटावरच्या दीपोत्सवाला तरी काढाच, प्रत्येक दिव्याचं उलटं प्रतिबिंब काळ्या आकाशात दिसायला लागतं. काच जपायला हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) लावला तरी पुरतं.