कॉलेजचा कोणता सिनियर एनएफएलला जाईल, हे कसं ओळखायचं

पर्ड्यूला (इंडियानातलं विद्यापीठ) मास्टर्सला आलो आणि पहिल्याच सेमिस्टरला रूममेट मला रॉस-एड स्टेडियमला घेऊन गेला, तेव्हापासून हा अमेरिकन फुटबॉल डोक्यात बसलाय. नोव्हेंबरात घरच्या मैदानावरची शेवटची मॅच असते त्या दिवशी सिनियर (शेवटच्या वर्षाची) पोरं आईवडिलांना घेऊन मैदानात येतात, सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं, आणि आपल्याला वाटतं की पुढच्या वर्षी हे सगळे रविवारी टीव्हीवर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, दिसणार. पण एनसीएएचा (कॉलेज खेळांची संघटना) स्वतःचाच हिशोब असा आहे की ड्राफ्टला (एप्रिलमध्ये एनएफएलच्या टीम सात राउंडमध्ये पाळीपाळीने नवे प्लेयर निवडतात तो) पात्र असलेल्या शंभर पोरांतली जेमतेम दोन वर पोचतात. ती दोन कुठली हे बघायची माझी एक पद्धत बसलीय, नवीन बघणाऱ्या आपल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आधी एक समजून घ्या, टीममधले सगळ्यात भारी प्लेयर बऱ्याचदा सिनियर नसतातच. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाली की ड्राफ्टला जाता येतं, त्यामुळे ज्याला पहिल्या राउंडची खात्री आहे तो चौथ्या वर्षासाठी थांबत नाही. जे थांबतात त्यांच्यातले बरेच चौथ्या ते सातव्या राउंडच्या आसपासचे किंवा ड्राफ्टच न होणारे असतात. अपेक्षा त्या हिशोबाने ठेवा म्हणजे एप्रिलमध्ये वाईट वाटणार नाही.

आता खरं काम, मॅच बघायची कशी. कॉलेजचे आकडे बाजूला ठेवा. टिम टीबोने 2007 ला हाइझमन ट्रॉफी (कॉलेजच्या सगळ्यात भारी प्लेयरला मिळते ती) घेतली, 2010 ला पहिल्या राउंडला गेला, तरी क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) म्हणून एनएफएलमध्ये टिकला नाही. त्यामुळे एका मॅचला एकच प्लेयर पकडा आणि बॉलकडे बघायचंच नाही, फक्त त्याच्याकडे. ऑफेन्सिव्ह टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या रांगेतला टोकाचा गडी) असेल तर थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आठ-दहा यार्ड हवे असताना त्याच्या शेजारी मदतीला कुणी नसेल तेव्हा त्याचे पाय बघा, पहिलं पाऊल मागे पडायला उशीर झाला की बाहेरून येणारा गडी त्याला वळसा घालून जातो, आणि हात आखूड असतील तर स्काउट (टीमसाठी प्लेयर पारखणारे) लोक त्याला गार्ड (त्याच रांगेतला आतला गडी) म्हणूनच धरतात. रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा) असेल तर डिफेंडर अगदी तोंडासमोर उभा असताना तो सुटतो का ते बघा, कारण कॉलेजात मोकळी जागा खूप मिळते, वर मिळत नाही. क्वार्टरबॅकचं मी असं बघतो की अंगावर कुणी येत असताना त्याचे पाय जागेवर राहतात का आणि मैदानाच्या लांबच्या बाजूला बॉल वेळेत पोचतो का. कॉलेजात हॅश मार्क (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, खेळी त्यांच्यावर किंवा त्यांच्या मधूनच सुरू होते) एकमेकांपासून 40 फूट लांब असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा, त्यामुळे कॉलेजातला तो लांबचा थ्रो खरंच अवघड असतो आणि तो सहज जमणारा पोरगा लगेच उठून दिसतो. आणि हे सगळं ओहायो स्टेट, मिशिगनसारख्या टीमसमोर बघा, सप्टेंबरात छोट्या कॉलेजला 50 पॉइंटने हरवताना कोणीही चांगला दिसतो.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात ती म्हणजे स्पेशल टीम्स (बॉलला लाथ मारायच्या खेळींना मैदानात उतरणारे गडी). मधल्या राउंडचा पोरगा पहिल्या वर्षी स्टार्टर होत नाही, त्याला टीममध्ये जागा मिळते ती पंट (बॉल लाथेने लांब समोरच्या टीमकडे मारणं) कव्हर करणारा, म्हणजे बॉल घेणाऱ्याला अडवणारा, किंवा किक रिटर्न करणारा, म्हणजे तो बॉल घेऊन पळणारा म्हणून. आमचा चार्ली जोन्स बघा, आयोवाच्या कॉलेजातून पर्ड्यूला आला, 2022 च्या एका सीझनला 110 कॅच घेतले, पण सिनसिनाटी बेंगल्सने चौथ्या राउंडला घेतल्यावर दुसऱ्याच मॅचला टचडाउन केला तो पंट रिटर्नवर, 81 यार्ड पळून! म्हणून सिनियर स्टार झाल्यावरही पंटच्या वेळी मैदानात असतो का, तिथे जीव तोडून पळतो का, हे नक्की बघा.

वयाचाही फरक पडतो. एडन ओकॉनेल पर्ड्यूला स्कॉलरशिपशिवाय आला, डेप्थ चार्टच्या (कोणत्या जागेला पहिला कोण, दुसरा कोण ती यादी) तळातून वर चढला, सहा वर्षं राहिला आणि 2023 ला 24 व्या वर्षी एनएफएलच्या रेडर्सनी त्याला ड्राफ्टला 135 वा घेतला. त्याच पोराने पहिल्याच वर्षी दहा मॅच स्टार्ट केल्या. मला आजही तो ड्राफ्ट आठवला की भरून येतं. टीम 21 वर्षाच्या पोरात पुढची सुधारणा विकत घेते, 24 वर्षाच्याकडून मात्र आज काय जमतं तेच बघते.

मग कॅलेंडर. सीझन संपल्यावर मोबिल, अलाबामाला सिनियर बोल (निवडक सिनियर प्लेयरांची मॅच) असतो, तिथे मॅचपेक्षा आठवडाभराची प्रॅक्टिस महत्त्वाची, सगळ्या टीमचे स्काउट तिथे असतात. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन (ड्राफ्टआधी पोरांची पळणं-उड्यांची चाचणी), सव्वातीनशेच्या आसपास पोरांना बोलावतात, बोलावणं आलं हाच मोठा इशारा. 40 यार्डचा टाइम वजनासोबत वाचा, 85 किलोच्या रिसीव्हरचा 4.5 सेकंद आणि 110 किलोच्या लाइनबॅकरचा (बचावातला गडी) 4.5 यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांना बोलावणं नाही त्यांच्यासाठी मार्चमध्ये कॉलेजचा प्रो डे (कॉलेजातच होणारी तशीच चाचणी) असतो.

ड्राफ्टच्या शनिवारी रात्री नाव नाही आलं तर टीव्ही बंद करू नका. सातवा राउंड संपला की लगेच फोन सुरू होतात, आणि ड्राफ्ट न झालेल्या पोराला निदान टीम निवडता येते, सातव्या राउंडवाल्याला तेही नाही. त्याने कुठली टीम घेतली आणि तिथे त्याच्या जागेवर किती जण आहेत ते मोजा. कर्ट वॉर्नर नॉर्दर्न आयोवाचा, 1994 ला ड्राफ्टच झाला नाही, किराणा दुकानात रात्री माल लावायचा, अरीना फुटबॉल (छोट्या बंदिस्त मैदानावरचं) खेळला आणि पुढे सुपर बोलचा (एनएफएलची फायनल) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेयर, झाला. आता अमेरिकेतलीच छोटी लीग यूएफएल आहे, कॅनडाची सीएफएल आहे, वाटा आहेत.

सीझनआधीच्या कॅम्पला प्रत्येक टीममध्ये 90 जण असतात, ऑगस्टच्या शेवटी 53 उरतात. त्या यादीत आपला पोरगा नसेल तर दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस स्क्वॉडची (टीमने सरावासाठी ठेवलेली पोरं) यादी उघडा, साधारण 16 जागा असतात, आणि तिथून दुसरी कुठलीही टीम त्याला थेट आपल्या 53 मध्ये उचलू शकते.