प्रार्थनास्थळाची जागा विकली, तर हिशेब कसा तपासावा

आधी संस्थेच्या सभांच्या इतिवृत्ताची, म्हणजे कामकाजाच्या नोंदींची, वही मागा, करार नंतर. सभेची नोटीस कधी निघाली, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) होती का, ठराव कोणत्या तारखेचा, हे पाहा. करार ठरावाच्या आधीचा असेल तर दोघा-तिघांनी परस्पर व्यवहार उरकून सभेचा नुसता शिक्का घेतला, असं समजायला हरकत नाही. 'अध्यक्षांना सर्वाधिकार' एवढाच ठराव धोक्याचा; त्यात किमान किंमत, मुदत आणि सह्या करणारे कोण, हे हवं.

मूल्यांकन दोघांकडून करून घ्या, पण दलालाने सुचवलेला माणूस नको. अहवालात जागेचा वापर कोणता धरलाय तेही वाचा. फक्त प्रार्थनेसाठी धरली तर आकडा खाली येतो, आणि घेणारा तर तिथे इमला बांधणार असतो!

खरी मेख पैशांत. करारातली रक्कम 100 धरा. दलाली 2, वकील 1, थकलेलं कर्ज 30 वजा जाता खात्यात 67 दिसायला हवेत. 60च दिसले तर उरलेल्या 7च्या पावत्या मागा. बँकेचा मूळ खातेउताराच बघा. खजिनदाराने टाइप केलेला तक्ता पुरावा नव्हे. दर वेळी चोरीच असते असं नाही. विक्रीचे पैसे रोजच्या खात्यात मिसळतात, पगार-वीजबिलात झिरपतात, आणि नवी जागा घ्यायच्या वेळी खातं रिकामं. म्हणून स्वतंत्र खातं आणि दोन सह्या.

खरेदीदार ज्याच्या नात्यातला, त्याने चर्चेच्या वेळी सभेबाहेर जावं. मत न देणं पुरेसं नाही.

प्रश्न लेखी द्या, पोच घ्या.