ओडी म्हणजे रोज एकदा? चिठ्ठी वाचायला शिकताना

डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग करावं लागतं. मी ते कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलमध्ये केलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या लॅटिन संक्षेपांचा तक्ता मला तोंडपाठ होता. चौथ्या दिवशी डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी आली आणि नुसतं पाठांतर किती तोकडं पडतं ते कळलं.

थेंबांच्या नावापुढे लिहिलं होतं: एक थेंब, ओडी, क्यूआयडी. ओडी म्हणजे 'ओम्नी दिए', रोज एकदा. मी खोक्यावर 'दिवसातून १ वेळा' लिहून मोकळा झालो. दुकानातल्या फार्मासिस्ट सरांनी खोकं हातातून घेतलं. "एकदा पण आणि चारदा पण, हे कसं जमायचं रे?" डोळ्यांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे 'ऑक्युलस डेक्स्टर', उजवा डोळा. क्यूआयडी म्हणजे दिवसातून चारदा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले ते आजोबा कागलहून एसटीनं आले होते. माझं लिहिलेलं वाचून त्यांनी रोज एकच थेंब घातला असता.

म्हणून नव्यानं काउंटरवर उभं राहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: संक्षेप एकटा वाचू नका. चिठ्ठी कुठल्या डॉक्टरांची, औषध कशाचं, ओळीत पुढे काय लिहिलंय, हे सगळं मिळून अर्थ लागतो.

पाठ करायला मात्र लॅटिन वाटतं तितकं परकं नाही. 'बिस' म्हणजे दोनदा, ते आपल्या 'द्वि'चं भावंड. 'टेर' आणि 'त्रि', 'क्वाटर' आणि 'चतुर्', 'दिए' आणि 'दिवस', सगळी एकाच घरातली. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), क्यूआयडी मला असेच कायमचे लक्षात राहिले. सगळ्यात आवडतो तो एचएस, 'होरा सोम्नी', झोपायची वेळ. 'सोम्नुस'चं नातं आपल्या 'स्वप्ना'शी, आणि 'होरा' तर ज्योतिषात आहेच, दोन्हीकडे ग्रीकमधून आलेला. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, स्टॅट म्हणजे लगेच. आपल्याकडे बरेच डॉक्टर १-०-१ असंही लिहितात. ते सकाळ-दुपार-रात्र या क्रमानं वाचायचं.

एसओएसबद्दल जरा थांबून सांगतो. 'सी ओपुस सिट', म्हणजे गरज पडली तर. पॅरासिटामॉलपुढे ते लिहिलेलं होतं, म्हणून एका मावशींना मी म्हणालो, "लागलं तर घ्या." त्या म्हणाल्या, "मी कुठं पडलेय? मला ताप हाय की!" त्यांचं बरोबर होतं. आपल्या बोलीत लागणं म्हणजे इजा होणं. तेव्हापासून मी असं सांगतो: "ताप आला तरच एक गोळी. परत आला तरी मध्ये सहा तास जाऊ द्या, आणि दिवसात चारच्या वर नको."

शंका आली तर डॉक्टरांना फोन करायचा, दुकानात कितीही गर्दी असो. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज गेली तर जीवावर बेतू शकतं. त्या पाकिटावर मी वारसुद्धा लिहितो, 'फक्त सोमवारी'. अमेरिकेत तर 'क्यूडी', म्हणजे रोज एकदा, हा संक्षेप क्यूआयडीसारखा वाचला जातो म्हणून २००४ पासून तिथल्या जॉइंट कमिशनच्या, म्हणजे हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, 'वापरू नये' यादीत आहे. आपल्याकडे २०१६ साली मेडिकल कौन्सिलनं औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावीत असा नियम केला, पण नावापुढचं बीडी-टीडीएस तसंच राहिलं. ते पेशंटच्या भाषेत आणायचं काम काउंटरवरच्या माणसाचं.

ते पोचलं की नाही हे कळायला मी शेवटी विचारतो, "आता तुम्ही सांगा बघू, कसं घेणार?" परवा राधानगरीकडच्या एका आजींनी गोळ्यांची पाकिटं काउंटरवर ओळीनं मांडली आणि एकेकावर बोट ठेवत म्हणाल्या, "ही न्याहारीच्या आदी, ही दोन येळचं जेवल्यावर, आन् ही झोपताना. व्हय न्हवं?"