रिसीव्हर घेण्याआधी घरची लाइट तपासा

होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून ताकद देणारं मशीन) घ्यायला नागपूरला बर्डीवर किंवा अमरावतीला जाण्याआधी आठवडाभर घरातलं व्होल्टेज मोजा. साध्या डिजिटल मल्टिमीटरवर काम भागतं. तो एसी व्होल्टच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवायचा आणि सकाळी, संध्याकाळी सात-आठला आणि रात्री झोपताना दिसेल तो आकडा वहीत लिहायचा. हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस असतील किंवा मे महिन्यात घरोघरी कूलर चालू असतील तेव्हाचं मोजमाप खरं. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा फसवतो.

भारतात अधिकृतपणे विकले जाणारे रिसीव्हर 230 व्होल्टचे असतात. आकडा 210 ते 245 मध्येच फिरत असेल तर स्टॅबिलायझरची घाई नाही. संध्याकाळी 180 च्या खाली उतरत असेल, किंवा पंप बंद झाल्यावर रात्री 255 च्या वर चढत असेल, तर स्टॅबिलायझरचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात रिसीव्हर बघा. बहुतेक रिसीव्हरमध्ये अजूनही जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर असतो. त्यावर लाइट 20 टक्के पडली की ॲम्प्लिफायरची कमाल ताकद साधारण 36 टक्के पडते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटते. दुकानात दणदणीत वाजलेला रिसीव्हर गावात संध्याकाळी मारामारीच्या सीनला फाटतो, त्यामागे बरेचदा हेच असतं. मग लोक स्पीकरला दोष देतात.

स्टॅबिलायझर घेताना 140 ते 300 व्होल्ट इनपुट चालणारा, हाय-कट (व्होल्टेज फार चढलं की सप्लाय तोडण्याची सोय) असलेला आणि लाइट आल्यावर थोडं थांबून सप्लाय देणारा घ्या. रिसीव्हरच्या मागच्या पट्टीवर तो किती वॅट खातो ते छापलेलं असतं. 5.1 च्या (पाच स्पीकर आणि जड बासचा एक सबवूफर) साध्या मॉडेलला हा आकडा काही शे वॅटचाच असतो. त्यात सबवूफर आणि टीव्ही धरला तरी 1 केव्हीए पुरे होतं. नुसता टीव्हीसाठी मिळणारा छोटा डबा मात्र घेऊ नका. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात 300 ते 400 व्होल्ट घुसू शकतात. अशा वेळी हाय-कट कामाला येतो, पण त्याच्यावर सगळा भरवसा टाकू नये. बल्ब अचानक ढणढणीत पेटले की आधी मेन स्विच पाडायचा.

इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो प्युअर साइन वेव्हच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, जास्त तापतो, आणि स्पीकरमधून घरघर येते.

अर्थिंगकडे खेड्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 येत असेल आणि फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच दाखवत असेल तर अर्थिंग निदान जोडलेली आहे असं धरा. शंभर-सव्वाशेच दाखवलं तर तिसऱ्या पिनला अर्थच नाही, वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. अर्थ नसलेल्या घरात टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात. तीच गळती चालू वस्तूंमध्ये एचडीएमआय खुपसताना पोर्टमधून जाते आणि पोर्ट मरतो. म्हणून केबल लावायची किंवा काढायची तर दोन्हीकडचे प्लग बोर्डातून काढूनच. बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही.

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कडाडतात. ढग दाटले की रिसीव्हरचा, टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर तिन्ही काढा. वीज बरेचदा डिशच्या वायरीतून बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमधून रिसीव्हरमध्ये शिरते, आणि नुसता प्लग काढणाऱ्याचाही एचडीएमआय बोर्ड जातो. विजेनं झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही.

आता वॅटचं बघू. खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा वाचायचाच नाही. यामाहाच्या आरएक्स-व्ही385 या 5.1 मॉडेलचा कागद उघडला तर तीन आकडे दिसतात: 135 वॅट, 100 वॅट आणि 70 वॅट. मशीन एकच. 135 हा आकडा एकच चॅनेल वाजवून, एकाच सुरावर, आवाज 10 टक्के फाटू देऊन काढलेला. 70 हा आकडा दोन चॅनेल एकदम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.09 टक्के विकृतीवर. तुलना करायची ती या शेवटच्या ओळीची, आणि ती 8 ओहमवर दिली आहे की 6 ओहमवर तेही बघायचं. यामाहानं निदान तिन्ही छापले आहेत. ज्या मशीनवर नुसतं 'पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) 5000 वॅट' लिहिलंय त्याचा आकडा कागदावरची शाई आहे, बाकी काही नाही.

70 वॅट कमी वाटतात, पण हिशेब करून बघा. 88 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॅटवर एका मीटरवर 88 डेसिबल देतो. तीन मीटरवर, भिंतींची साथ धरून, 80 च्या आसपास उरतात. 10 वॅटला 90, आणि 70 वॅटला जवळपास 98. बारा बाय पंधराच्या खोलीत 98 डेसिबल म्हणजे शेजारी विचारायला येतील. वॅट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला ते थोडंसंच जाणवतं. त्यामुळे 70 चा सोडून 90 वॅटच्या मॉडेलला दहा-बारा हजार जास्त मोजण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरवर घाला.

घरातले जुने स्पीकर वापरायचे तर मागचा ओहमचा आकडा बघा. 6 ते 8 ओहम असेल तर बिनधास्त. खोक्यात सगळं एकत्र मिळणाऱ्या जुन्या होम थिएटरचे स्पीकर पुष्कळदा 3 किंवा 4 ओहमचे असतात. ते लावले की आवाज वाढवल्यावर रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. एका टर्मिनलवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तरी 4 ओहमच होतात, तेव्हा ओसरीत एक जास्तीचा स्पीकर असा टांगू नका. त्याच जुन्या सेटचा सबवूफरही रिसीव्हरला चालत नाही. रिसीव्हरच्या मागे 'सबवूफर प्री-आउट' असतं, त्यातून फक्त सिग्नल येतो, ताकद नाही. स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि स्वतःचा वीजेचा प्लग असलेला ॲक्टिव्ह सबवूफरच लागतो. गावात ही चूक सर्रास होते: मशीन घरी येतं, सब मुका राहतो, आणि रिसीव्हर खराब निघाला म्हणून परत नेतात.

चॅनेल किती घ्यायचे हे छप्पर ठरवतं. ॲटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारा, 5.1.2 सेट विकताना दुकानदार वर तोंड करून वाजणारे स्पीकर देतो. त्यांचा आवाज छतावर आपटून खाली यायला छत सपाट, टणक आणि साधारण आठ ते बारा-तेरा फुटांवर हवं. स्लॅबचं घर असेल तर ते चालेल. कवेलूच्या उतरत्या छपराखाली आवाज भलतीकडे जातो आणि अर्धा फटींतून बाहेर. टिनाखाली तर टिनच वाजायला लागतं, पावसात संवाद ऐकू येत नाहीत ते वेगळंच. कवेलू किंवा टिनाच्या घरात सरळ 5.1 घ्या आणि वाचलेले पैसे मधल्या सेंटर स्पीकरवर घाला, कारण सिनेमातले संवाद मुख्यतः तिथूनच येतात.

जोडण्यांमध्ये एचडीएमआय एआरसी हवंच, म्हणजे टीव्हीतल्या ॲपचा आवाज एकाच वायरनं रिसीव्हरमध्ये येतो. ईएआरसी (एआरसीचा पुढचा, जास्त आवाज-माहिती नेणारा प्रकार) नसेल तर ओटीटीपुरतं फारसं बिघडत नाही. ॲपवाले डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतात, आणि ते साध्या एआरसीतूनही जातं. ईएआरसी लागतं ते ब्लू-रेसारखा पूर्ण दर्जाचा आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे न्यायचा असेल तर, आणि ब्लू-रे प्लेअर असलाच तर तो थेट रिसीव्हरलाच जोडता येतो. 4के बॉक्स रिसीव्हरमधून टीव्हीला जाणार असेल तर पोर्टला एचडीसीपी 2.2 (4के चित्राची चोरी रोखणारं कुलूप) आहे का ते विचारा, नाहीतर पडदा काळा राहील. जुन्या टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकल वायर लावा, त्यातून 5.1 डॉल्बी डिजिटल येतं. डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्सचं चित्र टीव्हीला आणि लाल-पांढरी वायर रिसीव्हरला द्या. तिथून दोनच चॅनेलचा आवाज येतो, मागच्या स्पीकरमध्ये जे ऐकू येईल ते रिसीव्हरनं स्वतः पसरवलेलं.

'5.1 वाजतच नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये सापडतं. डिजिटल ऑडिओ आउट 'पीसीएम'वर (इथे साधा दोन चॅनेलचा आवाज) असेल तर ते 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा, आणि एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय वायरीतून टीव्ही आणि रिसीव्हरनं एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू ठेवा. एआरसी लिहिलेल्या पोर्टातच वायर घाला, शेजारच्यात नाही.

गाणी जास्त ऐकणाऱ्यानं दुकानात मारामारीचा सीन लावू देऊ नये. स्वतःचा पेन ड्राइव्ह न्या. त्यात ओळखीच्या आवाजातलं खंजिरी भजन, एखादी पेटीची चाल, झाडीपट्टीच्या नाटकाचं रेकॉर्डिंग असं काही ठेवा, आणि 128 ऐवजी 320 केबीपीएसचं किंवा दर्जा न घटवणारं फ्लॅक. रिसीव्हर स्टिरिओ किंवा 'डायरेक्ट' मोडवर लावायला सांगा, म्हणजे सराउंडचा मुलामा निघून जातो. खंजिरीच्या चकत्या वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत, त्यांचा एकच चरचराट होता कामा नये. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. ब्लूटूथ सोयीसाठी ठीक, पण दुकानातली परीक्षा त्यावर करू नका.

परदेशातून कुणी 120 व्होल्टचा रिसीव्हर आणून देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, इथे वॉरंटी नाही, शिवाय अमेरिकी मॉडेलचा रेडिओ एफएमवर 0.2 मेगाहर्ट्झच्या आणि मध्यम लहरींवर 10 किलोहर्ट्झच्या टप्प्यानं सरकतो. नागपूर विविध भारती 100.6 वर आणि नागपूर आकाशवाणी 585 किलोहर्ट्झवर, म्हणजे दोन्ही त्याच्या टप्प्यांच्या मधे पडतात.

घरी आणल्यावर जागा निवडताना मे महिना डोळ्यासमोर ठेवा. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर जातो, खोलीतही कमी नसतं, आणि रिसीव्हर स्वतः तापणारी वस्तू आहे. वर किमान 15 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना 10 सेंटिमीटर मोकळं सोडा. बंद शोकेसमध्ये नको, त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स नको, आणि कूलरचा ओला झोत थेट त्यावर नको. घरात कापूस साठवलेला असेल तर दिवाळी ते होळी दर पंधरवड्याला जाळी ब्रशनं झाडा. रुईचे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि हवा थांबते. पाली आणि मुंग्यांना उबदार जागा आवडते. पाल आत गेली की बोर्डावर शॉर्ट होतो. त्यासाठी जाळीवर मच्छरदाणीचं कापड चिकटवतात, त्यानं हवा कोंडते. त्यापेक्षा रिसीव्हर भिंतीपासून सुटा, चार पायांच्या मोकळ्या स्टँडवर ठेवा आणि जवळ खाण्याचं सांडू देऊ नका.

स्पीकरच्या वायरला महागडं काही लागत नाही. घराच्या वायरिंगची 1.5 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर 10 मीटरपर्यंत 8 ओहमच्या स्पीकरला पुरेशी आहे. टोकाला 1 सेंटिमीटर सोला, तारा पिळून घट्ट करा. एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला लागली तरी रिसीव्हर चालू होऊन लगेच बंद पडतो. अधिक-उणे तपासायचं असेल तर रिसीव्हरकडचं टोक सोडवून त्याला पेन्सिल सेल क्षणभर लावा: अधिकला अधिक असेल तर वूफरचा पडदा पुढे येतो. एक जरी स्पीकर उलटा जोडला गेला तर बास विरतो.

शेवटी रिसीव्हरसोबतच्या माइकनं खोली मोजून घ्या, म्हणजे रिसीव्हर आवाज खोलीप्रमाणे जुळवतो. डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, सोनीत डीसीएसी, नावं वेगळी, काम तेच. रात्री, पंखा-कूलर बंद करून, माइक बसल्यावर कान येतो त्या उंचीवर स्टुलावर ठेवा, हातात धरू नका. झाल्यावर दोन गोष्टी तपासा. रिसीव्हरनं छोटे स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबकडे जातो ती हद्द) 80 हर्ट्झ ठेवा, अगदी इटुकले असतील तर 120. सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर बदलू नका, सबमधल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. संवाद तरीही दबत असतील तर सेंटर 2-3 डेसिबल वाढवा. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर स्पीकर आणि बसण्याच्या जागेमध्ये जाड सतरंजी टाकून मोजणी पुन्हा करा.

बिलावरचा सिरीयल नंबर मशीनच्या मागच्या नंबराशी दुकानातच जुळवून घ्या, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे की मुंबईला पाठवावं लागतं ते तिथेच विचारा. खोकं आणि आतले थर्मोकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. आठ-दहा किलोचं मशीन गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावर गेलं तर ट्रान्सफॉर्मरच्या वजनानंच बोर्डाला तडा जातो.