पृथ्वीचा छेद मापात कसा काढावा

थर्माकोलचा अर्धा गोळा घ्या, सारख्या जाडीचे चार पट्टे रंगवा, मधोमध पिवळा ठिपका द्या, झाली पृथ्वी! विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की हा सल्ला हमखास फिरतो. त्या गोळ्यावर भूकवच बोटभर जाड, म्हणजे मापाने पाहिलं तर पाचशे किलोमीटरच्या वर. खरं भूकवच तिबेटखालीही ७० किलोमीटरच्या आसपासच भरतं. तेव्हा गोळा विसरा, कागदावर एक फाक काढा.

प्रमाण धरा १ सेंटिमीटरला १०० किलोमीटर. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे ६३.७ सेंटिमीटर. २२ बाय २८ इंचांच्या कार्डशीटवर ४० अंशांची फाक आरामात बसते. कार्डशीट उभी धरून केंद्र खाली मधोमध घ्या आणि कोनमापकाने दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश मोजा.

कंस दोऱ्याने काढू नका, दोरा ताणला जातो. पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या, एका टोकाला टाचणी, तिथून १२.२, ३४.८ आणि ६३.७ सेंटिमीटरवर भोकं. भोकात पेन्सिल घालून पट्टी फिरवली की अंतर्गाभा, बाह्य गाभा आणि पृष्ठभाग तयार. ‘पृथ्वी ध्रुवांशी चपटी दाखवा’ असं कोणी सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका. विषुववृत्तीय आणि ध्रुवीय त्रिज्येत फरक २१ किलोमीटरचा, म्हणजे तुमच्या अख्ख्या त्रिज्येत २ मिलिमीटर. नारंगीसारखी चपटी पृथ्वी पुस्तकातच राहू द्या.

आता भूकवच. सगळं काम बिघडतं ते इथे, आणि मला सर्वांत जास्त सतावलंय तेही यानेच. आतून सरसकट एकाच जाडीचा पट्टा ओढायचा मोह होतो. तो टाळायचा असेल तर खरी रेषा निवडा. मी ८० अंश पूर्व रेखांश घेते: डाव्या कडेला विषुववृत्त, उजवीकडे ४० अंश उत्तर. कंसावर एक अंश म्हणजे १.१ सेंटिमीटर. श्रीलंका, चेन्नई, गोंदिया, जबलपूर, कानपूर आणि पुढे तिबेट, सगळे याच रेषेच्या आसपास येतात. अक्षांश मोजून बारीक खुणा करा.

जाडी नेहमी पृष्ठभागाच्या कंसापासून खाली मोजायची, खालून वर कधीच नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राखालचं कवच साधारण ७ किलोमीटर, म्हणजे ०.७ मिलिमीटर. पेन्सिलीतली ०.७ ची लीड एकदा ओढली की काम झालं, दुसऱ्यांदा गिरवलंत तर कवच दुप्पट होतं. भारतीय द्वीपकल्पाखाली साडेतीन ते चार मिलिमीटर, तिबेटखाली ७. एव्हरेस्ट या प्रमाणात एक मिलिमीटरही नाही. डोंगर दिसावेत म्हणून ते उंच करणाऱ्यांना माझा सक्त विरोध आहे, कारण खरी गंमत उंचीत नाही, खाली आहे. हलकं कवच जड प्रावरणावर (कवच आणि गाभा यांच्यामधल्या थरावर) तरंगतं आणि डोंगर जितका मोठा तितकं त्याचं मूळ खोल. ती बुडालेली बाजू नीट काढलीत तर उंची वाढवायची गरजच पडत नाही.

कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेलं ३ किलोमीटर खोल विवर इथे ०.३ मिलिमीटर. रशियातल्या कोलाचं १२,२६२ मीटरचं विवर जेमतेम सव्वा मिलिमीटर.

रंग देताना प्रावरण लाल करू नका. तो लाव्हा नाही, घन खडक आहे. वरचं प्रावरण ऑलिव्हिन या खनिजामुळे हिरवट असतं, म्हणून शेवाळी रंग द्या. लाखो वर्षांच्या हिशेबात तो खडक सावकाश वाहतो, ही गोष्ट वेगळी. द्रवरूप आहे तो बाह्य गाभा, लोखंड-निकेलचा. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि बाह्य गाभ्याशी त्या अडतात, त्यावरूनच ते कळलं. अंतर्गाभा तापमान पाच हजार अंशांच्या वर असूनही दाबामुळे घन आहे. तो डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये लहरींच्या नोंदींवरून शोधला.

कागदावर गाभा सुमारे ३० टक्के जागा खातो, घनफळात मात्र तो १६ टक्केच. शेजारी ही ओळ लिहा, नाहीतर बघणारा फसतो. खालच्या कोपऱ्यात प्रमाण टाका: १ सेंमी = १०० किमी.